विश्लेषण : एकाच शरीरात प्रत्येक ऊती वेगळी का वागते? कमल रणदिवे यांचा शोधप्रवास आणि ‘न बोलणारा’ आरएनए

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरी यकृत पित्त तयार करते आणि मेंदू विचार करतो. हे कसे घडते, याचे एक महत्त्वाचे उत्तर अलीकडे लांब नॉनकोडिंग आरएनए या रेणूंमध्ये सापडू लागले आहे. हे रेणू ज्या प्रकारच्या पेशींमध्ये आज मोजले जातात, त्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची विद्या भारतात रुजवली ती पुण्याच्या एका मराठी संशोधिकेने. डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांचे आयुष्य, त्यांचे काम आणि त्यातून धाराशिवपर्यंत येऊन पोहोचणारा धागा यांचा हा आढावा.

धाराशिवशी या गोष्टीचा संबंध काय?

धाराशिव म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. कर्करोगाच्या जागतिक संशोधनात या जिल्ह्याचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण म्हणजे बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी. १९८७ मध्ये सुरू झालेली ही भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे दोन तालुके तिच्यात सुरुवातीपासून होते. कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला, याची गावोगाव फिरून नोंद ठेवण्याचे काम तिथे सुरू झाले.

दुसरे कारण त्याहून मोठे. १९९९ मध्ये याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात एकत्र आल्या होत्या. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश झाला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या गटाबाबत पुढे नैतिक वादही झाला. तो विसरून चालणार नाही. पण आज जगभर एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे इथल्या शेतात राबणाऱ्या, पहिल्यांदाच अशा तपासणीला सामोरे गेलेल्या बायकांचा वाटा आहे.

हा विषाणू गर्भाशयमुखाच्याच पेशी का बिघडवतो? स्तनाचा कर्करोग स्तनाच्याच पेशीतून का उगवतो? अवयवागणिक पेशींचा स्वभाव का बदलतो? कमल रणदिवे यांनी आयुष्यभर पाठपुरावा केलेले प्रश्न याच जातकुळीतले होते.

कमल समर्थ कोण होत्या?

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात कमल समर्थ यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आई शांताबाई. मुलगे असोत की मुली, सगळ्यांनी शिकले पाहिजे, असा वडिलांचा कटाक्ष होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलींच्या शिक्षणासाठी पुण्यात जे आग्रहाने उभे राहिले, त्यांच्या प्रयत्नांतून आलेली ही शाळा. पुढे फर्ग्युसनमधून वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या.

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यासाला गेल्या. १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झाले. प्रबंधाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. बालाघाटच्या डोंगरउतारावर कुणी न लावता वाढणारे सीताफळ धाराशिव-बीडच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच कुळातील झाडांच्या पेशी काचपट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गुणसूत्रे पाहायची, हे कमल यांचे सुरुवातीचे काम. पेशीच्या आत डोकावण्याची सवय त्यांना इथे लागली. डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक आहे, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. त्याची दुहेरी सर्पिल रचना उलगडायला आणखी दहा वर्षे होती.

वनस्पतींकडून कर्करोगाकडे त्या कशा वळल्या?

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत आल्या. पत्नीने शिक्षण थांबवू नये म्हणून रणदिवे यांनी मनापासून साथ दिली. संसार आणि मुलाचे संगोपन सांभाळून प्रयोगशाळेत उभे राहणाऱ्या स्त्रिया त्या काळी अगदी मोजक्या होत्या.

परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कर्करोगावर फक्त शस्त्रक्रिया आणि किरणोपचार करून भागणार नाही, तो पेशीत मुळात का सुरू होतो हे शोधले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. वर्ष होते १९४९. वनस्पतीच्या पेशी पाहणारी नजर आता प्राण्यांच्या, विशेषतः सस्तन प्राण्यांच्या ऊतींकडे वळली होती. माणूस, उंदीर, शेळी, गाय हे सगळे सस्तन प्राणी. पिलाला दूध पाजणारी ग्रंथी ही त्यांची ओळख, आणि हीच ग्रंथी रणदिवे यांच्या संशोधनाचा मुख्य विषय ठरली.

बाल्टिमोरमध्ये त्या काय शिकल्या?

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जाण्याचा सल्ला दिला. शिष्यवृत्ती मिळवून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. गाय यांचा ध्यास एकच होता. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या. पेशींना रक्तद्रव, नाळेतील रक्ताचा द्रव, गर्भाचा अर्क अशा गोष्टींचे पोषण द्यायचे, काचनळ्या फिरत्या पिंपात ठेवून हळूहळू फिरवत राहायच्या, जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, असे ते सारे जिकिरीचे काम. बहुतेक पेशी काही दिवसांत मरून जात.

१९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी आल्या. त्या मेल्या नाहीत. दिवसागणिक दुप्पट होत राहिल्या. लॅक्स यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले. पण ‘हेला’ या नावाने त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या घेताना लॅक्स यांची संमती कुणी विचारली नव्हती. पुढे १९८०च्या दशकात या पेशींमध्ये एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. धाराशिवच्या गावांमध्ये ज्या विषाणूगटाची तपासणी झाली, त्यातलाच हा एक.

टिश्यू कल्चर केळी म्हटले की शेतकऱ्याला लगेच कळते. आईरोपाच्या छोट्या तुकड्यातून हजारो रोपे तयार होतात. प्राण्यांच्या ऊतीसंवर्धनाचे तत्त्व त्याच्या जवळचे आहे, फक्त त्यातून आख्खा प्राणी तयार होत नाही. यकृताच्या पेशी यकृतासारख्या, त्वचेच्या पेशी त्वचेसारख्या वाढतात. आईच्या पोटात ठरलेली ओळख पेशी काचेच्या बशीतही बऱ्याच अंशी विसरत नाही. ही स्मृती पेशीत कुठे लिहिलेली असते, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

भारतात परतल्यावर काय केले?

मुंबईत १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. रणदिवे यांनी तिथे प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील ही पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा मानली जाते.

प्रयोगशाळा उभी करणे म्हणजे नुसती खोली आणि सूक्ष्मदर्शक मिळवणे नव्हे. पेशींना लागणारे पोषकद्रव परदेशातून मागवायचे तर परकीय चलनाची टंचाई. बोटीने येईपर्यंत ते खराब होण्याची भीती वेगळीच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रणदिवे यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातील सहकाऱ्यांना घेऊन ही पोषकद्रव्ये आणि रसायने केंद्रातच तयार करायला सुरुवात केली. पुढे कर्करोगाची कारणे, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग त्यांनी उघडले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. आज नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची जी मोठी संशोधन संस्था आहे, तिची मुळे परळच्या या केंद्रात आहेत.

उंदराच्या स्तनग्रंथीने काय सांगितले?

स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत अधिक का दिसतो, याचे उत्तर माणसांत शोधणे अवघड होते. उंदराच्या पिढ्या मात्र झपाट्याने वाढतात. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते, की कर्करोगप्रवण जातीच्या उंदरिणीची पिले दुसऱ्या जातीच्या उंदरिणीच्या दुधावर वाढवली तर त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातून काहीतरी जात होते. तो एक विषाणू निघाला.

रणदिवे यांनी मुंबईत उंदरांच्या वेगवेगळ्या जाती आणि त्यांचे संकर वाढवले. संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी आयसीआरसी उंदरांची जात स्तनकर्करोगाच्या अभ्यासासाठी वापरली गेली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे त्यांच्या गटाने तपासले. विषाणू एकटा पुरेसा नाही, संप्रेरके एकटी पुरेशी नाहीत. या गोष्टी जुळून येतात तेव्हा ग्रंथी बिघडते, असे चित्र त्यातून पुढे आले.

यात एक मोठी गोम आहे. हा विषाणू आपली जनुके उंदराच्या डीएनएत घुसवतो. काही जातींत तर ती जन्मतःच प्रत्येक पेशीत असतात. मेंदूतही आणि यकृतातही. पण ती जोमाने जागी होतात ती दूध तयार करणाऱ्या ग्रंथीत, संप्रेरकांच्या इशाऱ्यावर. म्हणजे जनुक कुठे आहे यापेक्षा ते कुठे चालू होते, हे महत्त्वाचे. रेणूंच्या पातळीवरचा हा खुलासा नंतर झाला, पण त्याची पायवाट अशा उंदरांच्या पिंजऱ्यांतून गेली होती.

मग लांब नॉनकोडिंग आरएनए म्हणजे काय?

प्रत्येक घरात पंचांग एकच असते. पण ज्या घरी लग्न ठरले आहे तिथे मुहूर्ताचे पान उघडले जाते, शेतकरी पावसाची नक्षत्रे पाहतो, आणखी कुणी ग्रहणाची वेळ शोधतो. शरीरातल्या पेशींचे तसेच आहे. डीएनए हे सगळ्यांकडे असलेले एकच पंचांग. प्रत्येक ऊती त्यातली आपली पाने उघडते. पान उघडले की त्याची नक्कल तयार होते, ती म्हणजे आरएनए. जनुकाची अशी नक्कल तयार होणे म्हणजेच त्या जनुकाची अभिव्यक्ती.

पूर्वी समज असा होता, की आरएनएचे मुख्य काम प्रथिने बनवण्याचा निरोप पोहोचवणे. पण माणसाच्या डीएनएपैकी प्रथिनांची माहिती असलेला भाग दोन टक्क्यांच्या आतबाहेर आहे. उरलेल्या बऱ्याच भागाचीही आरएनए नक्कल निघते, हे पुढे लक्षात आले. त्यातले २०० अक्षरांपेक्षा लांब आणि प्रथिन न बनवणारे जे आरएनए, त्यांना लांब नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २० हजार आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या जनुकांची संख्याही निदान तेवढी भरते, आणि यादी अजून वाढते आहे.

यातले सगळेच कामाचे आहेत असे नाही. काही नुसती गळती असावी, असेही काही शास्त्रज्ञांचे मत आहे. पण काहींचे काम पक्के माहीत आहे. ‘झिस्ट’ नावाचा आरएनए १९९१ मध्ये सापडला. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यातल्या एकावर हा आरएनए पांघरुणासारखा पसरतो आणि ते गुणसूत्र जवळजवळ बंद करतो. प्रथिन एकही बनत नाही, पण आख्खे गुणसूत्र गप्प होते. पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर हे आरएनए म्हणजे पान नव्हे. कोणते पान उघडायचे आणि कोणते चिकटवून टाकायचे हे सांगणारी खूण.

कोणत्या अवयवात ते किती असतात?

२०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी माणसाच्या २४ ऊती आणि पेशीप्रकार तपासून अशा ८ हजारांहून अधिक आरएनएंची यादी केली. त्यातले सुमारे ७८ टक्के ठरावीक ऊतींपुरते मर्यादित निघाले. प्रथिने बनवणाऱ्या जनुकांत हे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. प्रमाणाच्या दृष्टीने मात्र हे आरएनए कमी असतात, प्रथिनांच्या निरोप्यांच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके. थोडक्यात, संख्येने उदंड, मात्रेने अल्प आणि पत्त्याला पक्के.

२०१९ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. माणूस, ऱ्हिसस माकड, उंदीर, घूस, ससा, ओपॉसम आणि तुलनेसाठी कोंबडी यांचे सात अवयव गर्भावस्थेपासून प्रौढपणापर्यंत तपासले गेले. मोठा मेंदू, लहान मेंदू, हृदय, मूत्रपिंड, यकृत, बीजांड आणि वृषण हे ते अवयव. त्यातून तीन गोष्टी दिसल्या. पहिली, सर्वाधिक विविधता वृषणात आढळते. दुसरी, गर्भाच्या सुरुवातीच्या काळात चालू असलेले आरएनए अनेक अवयवांत आणि अनेक प्राण्यांत समान असतात. तिसरी, जसजसा जीव वाढतो तसतसे प्रत्येक अवयवाचे आणि प्रत्येक प्राण्याचे स्वतःचे वेगळे आरएनए चालू होऊ लागतात.

अपवादही आहेत. ‘मॅलॅट-१’ हा आरएनए जवळपास सगळ्याच ऊतींत भरपूर असतो. ‘एच-१९’ गर्भाच्या अनेक ऊतींत भरपूर असतो, जन्मानंतर बहुतेक ठिकाणी मंदावतो आणि स्नायूंमध्ये टिकून राहतो. म्हणजे पत्त्याबरोबर वेळही ठरलेली असते.

रणदिवे यांच्या आवडत्या ग्रंथीत असा आरएनए सापडला का?

सापडला. ‘पिंक’ हे त्याचे नाव. गरोदरपणात चालू होणारा आरएनए, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ते पडले. उंदरिणीच्या स्तनग्रंथीत गरोदरपणात तो वाढतो. दूध सुरू होण्याच्या सुमाराला झपाट्याने घटतो. पिले दूध सोडल्यावर ग्रंथी आक्रसते, तरी उरलेल्या काही पेशींत तो टिकून राहतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तो कृत्रिमरीत्या वाढवला तर दूध तयार करण्याची तयारी थांबते. ग्रंथीने घाई करू नये, वेळ आल्यावरच दूध तयार करावे, यासाठी त्याचा लगाम असावा असे यातून दिसते.

माणसाच्या स्तनकर्करोगात ‘हॉटएअर’ नावाचा आरएनए चर्चेत आला. कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठींमध्ये तो मोठ्या प्रमाणात आढळतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. एखादा आरएनए एकाच ऊतीत असतो, याचा वैद्यकीय उपयोग सरळ आहे. ‘पीसीए-३’ हा आरएनए पुरःस्थ ग्रंथीपुरता मर्यादित असतो आणि तिच्या कर्करोगात खूप वाढतो. लघवीच्या नमुन्यातून तो मोजण्याची चाचणी अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली. रक्तात किंवा लघवीत सापडलेला रेणू कोणत्या अवयवाचा पत्ता सांगतो, हे कळले तर सुई न टोचता निदानाकडे जाता येते.

कर्करोगापलीकडे रणदिवे यांचे काम कोणते?

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही संशोधकांची जुनी अडचण. ऊतीसंवर्धनाची विद्या हाती असल्याने रणदिवे, खानोलकर आणि सी. व्ही. बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून मिळालेल्या जंतूंवर काम केले आणि १९५८ मध्ये एका जंतूच्या वाढीची नोंद प्रसिद्ध केली. आयसीआरसी जंतू म्हणून तो ओळखला जातो. हा जंतू खुद्द कुष्ठरोगाचा की त्याचा नातेवाईक, यावर वाद राहिला. पण त्याच्यापासून पुढे लस तयार झाली. दक्षिण भारतातील चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगावरील कामासाठी रणदिवे यांना १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही मिळाला.

१९७०च्या दशकात त्यांच्या गटाने सुपारी आणि तंबाखूतील घटक प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासले. तोंडाचा कर्करोग आणि चघळण्याची सवय यांचे नाते त्यांना प्रयोगातून पाहायचे होते. कट्ट्यावर बसून चुना-तंबाखू मळणाऱ्या गावांसाठी हा विषय आजही शिळा झालेला नाही.

स्त्रियांसाठी त्यांनी काय उभे केले?

१९७३ मध्ये रणदिवे यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेतली बाई हुशार असली तरी मूल कुठे ठेवायचे, नोकरीच्या गावी राहायचे कुठे, या प्रश्नांवर अडते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ही संघटना भाषणांवर थांबली नाही. वाशीच्या तिच्या केंद्रात वसतिगृह आणि पाळणाघर चालू झाले.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर परिसरातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली. सत्यनिकेतन या संस्थेबरोबर आणि महिला वैज्ञानिक संघटनेच्या मदतीने खेड्यातील बायकांना आरोग्याचे धडे दिले. परळच्या प्रयोगशाळेत उंदरांचे आहार तोलणाऱ्या बाई आता डोंगरातल्या वस्त्यांवर मुलांची वजने पाहत होत्या.

या सगळ्याच्या मर्यादा काय?

रणदिवे यांनी लांब नॉनकोडिंग आरएनएवर काम केले नाही. ते तंत्र त्यांच्या कामाच्या काळात नव्हते. मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा २००१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. या रेणूंच्या याद्या तयार झाल्या त्या त्यानंतर. त्यामुळे त्यांच्या नावावर नसलेला शोध त्यांच्या पदरात टाकणे योग्य नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. प्रथिने बनवणारी बरीचशी जनुके उंदरात आणि माणसात सारखी असतात. हे आरएनए मात्र प्राण्यागणिक लवकर बदलतात. उंदरात सापडलेला आरएनए माणसात असेलच असे नाही, आणि असला तरी तेच काम करेल असेही नाही. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष थेट माणसाला लावता येत नाहीत. माणसाच्या ऊतींचा अभ्यास माणसाच्याच नमुन्यांवर करावा लागतो. तिथे संमती, नोंदी आणि विश्वास हे प्रश्न येतात. हेन्रिएटा लॅक्स यांना न विचारलेला प्रश्न आज प्रत्येक रुग्णाला विचारणे बंधनकारक आहे, ते याचसाठी.

धाराशिवच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

आरएनएच्या चाचण्या गावच्या दवाखान्यात यायला वेळ आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्हीची तपासणी मात्र आज उपलब्ध तंत्र आहे, आणि तिचा उपयोग याच जिल्ह्यातील स्त्रियांवरील अभ्यासाने सिद्ध केला आहे. तिशी ओलांडलेल्या स्त्रीने त्रास नसतानाही एकदा तपासणीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे. पाळी गेल्यावर रक्त जाणे, स्तनात न दुखणारी गाठ, तोंडात न भरणारी जखम, या गोष्टी अंगावर काढू नयेत. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा समज अनेकांना महागात पडला आहे.

उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी ओळखली जाते. शेळी-गाईंच्या कासेत, स्नायूंत आणि बीजांडात कोणते लांब आरएनए चालू असतात, याचे अभ्यास आता जगभर होत आहेत. दूध, मांस आणि जुळी करडे यामागचे जनुकांचे खेळ त्यातून कळू लागतील. अशा संशोधनाला शुद्ध ऊती, नीट ठेवलेल्या नोंदी आणि हाताने काम शिकलेली माणसे लागतात.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी गुगलने रणदिवे यांच्या १०४व्या जयंतीनिमित्त मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा हे नाव अनेकांनी मोबाइलवर पहिल्यांदा वाचले. दिवस मावळला, चित्र बदलले. पेशी वाढवण्याची जी विद्या त्यांनी परळमध्ये रुजवली, ती मात्र आज देशातील अनेक प्रयोगशाळांत रोजची झाली आहे. कोणत्या ऊतीत कोणता आरएनए जागा होतो, हे तपासणारा विद्यार्थी सकाळी पेशींची बशी उघडतो, तेव्हा त्याची सुरुवात त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरूनच होते.